उतरतं वजन

ज्या वर्षी तोलाऱ्याच्या लेकीला दुसरं बाळ झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. या खेपेला मुलगा झाला. थोरली मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती, आणि हा भाऊ पोटात वाढू लागल्यामुळे नवव्या-दहाव्या महिन्यातच तिचं अंगावरचं दूध तुटलं होतं.

तोलारी म्हणजे धान्याच्या गोदामात पोती तोलून देणारा माणूस. तेहेतीस वर्षं त्याने तेच काम केलं. काटा मारणं त्याला ठाऊक नव्हतं, आणि कोणी मारू लागला तर तो पोत्यावरून उठून जायचा. हमाल त्याची थट्टा करत.

"तोलारी लग्नात नवरीलासुद्धा काट्यावर उभी करून मगच घरात घेऊन आला असेल!"

"केली होती ना उभी," तो म्हणायचा. "बेचाळीस किलो भरली. बोलायला लागल्यावर जड निघाली, तो भाग वेगळा."

ती जड बोलणारी बाई सहा वर्षांमागे गेली. मागे तोलारी आणि लेक उरले. जावई मालगाडीवर होता, महिना-महिना तोंड दाखवायचा नाही, म्हणून लेक बापाकडेच राहायची. गोदामामागच्या ओळीत दोन खोल्या होत्या. ओळीला मिळून एक नळ, आणि नळाला लागून गटार.

दूध तुटल्यावर थोरलीला बाटली लावली. दूध थोडं, पाणी जास्त. तिचं पोट बिघडलं. चार दिवस हगवण, आठ दिवस बरं, पुन्हा हगवण. शेजारपाजारच्या बाया म्हणत, दात येताहेत. दात आले, हगवण गेली नाही. पोर काडीसारखी झाली. तिला उचलताना तोलाऱ्याला हातात काही आल्यासारखंच वाटायचं नाही.

आणि मग, भाऊ जन्माला आला त्या सुमाराला, तिचे गाल भरले. पावलं भरली. मनगटांना वळ्या पडल्या. औषध नाही, काही नाही, आणि पोरीने बाळसं धरलं! ओळीतल्या बायांनी तिला गुबी म्हणायला सुरुवात केली. तोलाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तो हमालांना सांगत सुटला, "आमच्या गुबीला उचलून बघा, हात भरून येतो."

पण गुबी हसेना. केस विरळ झाले आणि तांबूस पडले. घास समोर धरला की मान फिरवायची. मांडीवरची कातडी जुन्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून सुटू लागली. हगवण लागली ती सलग सात दिवस थांबेना, तेव्हा लेक म्हणाली, "आबा, मला या तान्ह्याला टाकून हलता येत नाही. तुम्ही हिला दवाखान्यात न्या. आजच न्या."

तोलाऱ्याने गोदामात निरोप धाडला आणि नातीला खांद्यावर टाकून निघाला.

मुलांच्या दवाखान्यात एक वेगळी खोली होती. दहा खाटा, भिंतीला फिकट निळा रंग, कोपऱ्यात छताला टांगलेला काटा आणि त्याला कापडाची झोळी. काटा बघून तोलाऱ्याला बरं वाटलं. आपल्या ओळखीचं कोणीतरी इथे आहे, असं काहीसं.

सिस्टरने गुबीचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत पडावा तसा.

"हे बाळसं नाही, आजोबा," ती म्हणाली. "सूज आहे. अंगात पाणी साठलंय."

"पण गाल बघा की तिचे."

"गालही पाण्याचेच."

डॉक्टरीणबाई आली. वयाने तोलाऱ्याच्या लेकीएवढी, बोलणं भराभर, पण समजावून सांगणारी. म्हणाली, "हिच्यात बाहेरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त बिघाड आहे. आतड्याला आतल्या बाजूने मखमलीसारखी लव असते. अन्न तीच ओढून घेते. दर खेपेच्या हगवणीने ती झडत गेली. आता कितीही चांगलं खाऊ घातलं तरी ते नुसतं वाहून जातं, आणि जंतू मात्र आत मुक्काम ठोकून बसलेत."

"मग जास्त खायला द्या. काही तरी राहील."

"जास्त दिलं तर हातची जाईल. तिच्या शरीराला आत्ता पेलायचं नाही. आधी औषध, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं दूध. तेही आमच्या मापाचं. आणि एक सांगून ठेवते, आधी वजन उतरेल. घाबरू नका."

शेजारच्या खाटेवर तेवढ्यात एक पोर किंचाळलं आणि बाई तिकडे धावली. तोलाऱ्याने मान डोलावली होती. शिकलेल्या माणसापुढे मान डोलावायची त्याची सवय होती. पण उतरेल म्हणाली, किती उतरेल ते म्हणाली नाही, एवढं त्याच्या मनात राहून गेलं.

रोज सकाळी सात वाजता वजन व्हायचं. पहिल्या दिवशी गुबी सात किलो चारशे ग्रॅम भरली. खाटेला एक कार्ड अडकवलेलं होतं, त्यावर सिस्टर आकडा लिहायची आणि आकड्यापुढे दोन-तीन शब्द. तोलाऱ्याला आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. गोदामात आकड्यांवर भागायचं, पोत्यावरचं नाव कारकून वाचायचा. इथे कारकून नव्हता, आणि ते शब्द काय आहेत हे विचारायची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आकडा होता सात दोनशे. पुढे लिहिलं होतं, 'सूज उतरते आहे'. तिसऱ्या दिवशी सहा नऊशे. पुढे लिहिलं होतं, 'सूज कमी, प्रकृती बरी'. तोलाऱ्याला दिसलं ते सात चारशे, सात दोनशे, सहा नऊशे.

शेजारच्या खाटेवर एक भांडीवाली होती, चार घरची भांडी घासणारी. तिचा दीड वर्षाचा मुलगा आठ दिवस आधी आला होता. त्याच्या अंगावर सूज नव्हती, नुसती हाडं आणि डोळे. तो रोज वाढत होता. भांडीवाली बोलायला मोकळी बाई. आकडा ऐकला की हात वर करून म्हणायची, "आज ऐंशी ग्रॅम! काका, आमचा पैलवान वाढला!"

"वाढू दे, बाई, वाढू दे," तोलारी म्हणायचा, आणि गुबीच्या कार्डाकडे बघायचा. त्या पोराचं वाईट त्याला नको होतं. पण त्याच खोलीत, त्याच सिस्टरच्या हाताखाली, एक पारडं वर जातं आणि एक खाली येतं, हे त्याला बघवेना.

मग त्याचं लक्ष दुधाकडे गेलं. दूध वाटायची एक आया होती, तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याजवळ रेघा मारलेला पेला होता. त्या पेल्याने ती प्रत्येकाचं दूध मोजायची. तोलारी डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. गुबीला साठ. पैलवानाला नव्वद. पुढच्या वेळी पुन्हा साठ आणि नव्वद.

"मावशी, हे माप कसं हो?"

"कसं म्हणजे?"

"माझी नात सात किलोच्या आसपास. तो सहा किलोचा. जड पोरीला साठ आणि हलक्या पोराला नव्वद?"

"आजोबा, मला सिस्टर सांगते ते मी ओतते. सिस्टरला डॉक्टरीणबाई सांगते. डॉक्टरीणबाईला कोण सांगतं ते तिला विचारा." मग त्याचा चेहरा बघून ती जरा मऊ झाली. "सुजलेल्या पोराला कमीच देतात. माझी पंधरा वर्षं गेली इथे."

पंधरा वर्षं एकच गोष्ट करणारं माणूस चुकत नाही असं नाही, हे तोलाऱ्याने गोदामात पाहिलं होतं. आणि कमी मापावर गप्प बसायचं नाही, हेही त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्या दिवशी दुपारी तो गोदामात जाऊन आला. येताना पिशवीत दोन लोखंडी वजनं होती, एक किलोचं आणि पाच किलोचं, सरकारी शिक्क्याची.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरने झोळी टांगली आणि तो पुढे झाला.

"सिस्टर, राग मानू नका. काट्यात फरक असू शकतो."

मावशीने तोंडाला पदर लावला. "बघा बाई! आजोबा नातीला बघायला आलेत की काटा तपासायला? तपासून झाला की मलाही झोळीत घाला, घरी कोणी माझी किंमत करत नाही."

सगळी खोली हसली. भांडीवाली तर खाटेवर आडवी झाली. तोलारीही कसनुसा हसला, पण वजनं त्याने झोळीत ठेवलीच. एक किलोला एक किलो. सहाला सहा. काटा केसभर इकडे-तिकडे नव्हता.

काटा खोटा निघाला असता तर त्याला आनंद झाला असता. तो खरा निघाला, म्हणजे नात खरोखरच उतरत होती. वजनं काढून त्याने गुबीला झोळीत ठेवलं. सहा पाचशे.

"चांगलं आहे," सिस्टर म्हणाली आणि कार्डावर लिहून पुढच्या खाटेकडे गेली. सात चारशेचे सहा पाचशे झाले, आणि ही म्हणते चांगलं! तोलाऱ्याने तिच्या पाठीकडे बघितलं. त्याला वाटलं, ही स्वतः काय बोलते ते हिलाच ऐकू येत नाही.

त्या दिवशी गुबीचे गाल बसलेले होते. पावलांची हाडं दिसू लागली होती. आपली नात त्याला दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या खऱ्या अंगाने दिसत होती, आणि ती अशी दिसत होती की बघणाऱ्याचं काळीज चरकावं. दहा वाजता मावशी पेला घेऊन आली. गुबीने साठ मिलिलिटर संपवलं आणि रिकाम्या पेल्याकडे हात पुढे केला. पेला नेला तशी ती रडली. कितीतरी दिवसांनी मोठ्याने रडली.

"अगं बाई, भूक लागली वाटतं आमच्या राणीला!" मावशी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "आजोबा, भूक आली हो! आता बघा." सिस्टरला सांगायला ती लगबगीने बाहेर गेली.

मावशीला त्या रडण्यात जे ऐकू आलं, ते तोलाऱ्याला आलं नाही. त्याला एवढंच ऐकू आलं की पोर उपाशी आहे. जी मान फिरवायची, ती आज हात पसरून मागते आहे, आणि समोरून पेला उचलून नेतात.

दुपारी तो सिस्टरकडे गेला. "मी हिला घरी नेतो."

"आजोबा, काय बोलताय? आत्ता कुठे पोर वळणावर आलीय. दोन दिवस थांबा. फक्त दोन दिवस. मग आम्हीच दूध वाढवणार आहोत."

"रोज तीनशे-चारशे ग्रॅम जातात. दोन दिवसांत उरेल काय?"

"ते पाणी जातंय!"

"तिची लेकुरवाळी आई घरी एकटी आहे. मला इथे राहता येत नाही." नेण्याचं खरं कारण हे नव्हतं, पण हे बोलायला सोपं होतं. कमी माप देताय, असं तोंडावर म्हणणं त्याच्याने झालं नाही.

डॉक्टरीणबाई त्या वेळी दुसऱ्या इमारतीत होती. सिस्टरने तिला बोलावणं पाठवलं, कागद पुढे केला, पुन्हा मागे घेतला, पुन्हा विनवलं. तोलारी उभाच. शेवटी त्याने अंगठा उठवला. डॉक्टरीणबाई धावत आली तेव्हा तो फाटकाबाहेर पडला होता.

लेक दारातच उभी होती. "आबा! एवढ्यात सोडलं?"

"सोडलं," तो म्हणाला. "म्हणाले घरी न्या, खायला-प्यायला घाला."

"किती वाळली हो ही..."

"म्हणूनच म्हणाले, खायला घाला."

आणि त्याने घातलं. घट्ट दूध, भरपूर साखर घालून. तेल सोडलेला मऊ भात. उकडलेली अंडी, बोटाने कुस्करून. गुबीने सगळं खाल्लं. लेक तान्ह्याला मांडीवर घेऊन बघत होती आणि हसता हसता रडत होती. "बघा की आबा, कशी मागते! तिकडे देत होते की नाही कोण जाणे."

"मोजून देत होते," तोलारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी असंच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला गोदामात नेलं, छोट्या काट्यावर फडकं अंथरलं आणि बसवलं. सहा किलो नऊशे. हमालांनी गलका केला. मुकादम म्हणाला, "दवाखान्यापेक्षा आमचा तोलारी भारी! त्यांनी चार दिवसांत घालवलं, याने दोन दिवसांत कमावलं." तोलाऱ्याची छाती फुगली. फडक्यात गुंडाळताना त्याचा हात गुबीच्या पावलाला लागला. अंगठ्याने दाबून बघावं असं त्याच्या मनात आलं. त्याने ते मनातून काढून टाकलं आणि पाऊल फडक्यात झाकलं.

त्याच दुपारी हगवण सुरू झाली. आधी दूध जसंच्या तसं बाहेर आलं, मग नुसतं पाणी. लेकीने नळाच्या पाण्यात साखर-मीठ कालवून पाजलं, ते उलटून पडलं. संध्याकाळपर्यंत पोट ताणून ढोलासारखं झालं. गाल पुन्हा भरले होते, डोळे मात्र वर चढायला लागले होते. सकाळी तिचे हातपाय गार लागले. लेक ओरडली, "आबा, उचला तिला!" तोलाऱ्याने तिला उचललं आणि धावत सुटला. त्या वयात, अनवाणी, एवढ्या लांब तो कसा धावला, हे ओळीतले लोक पुढे कितीतरी दिवस बोलत होते.

दवाखान्यात कोणीच त्याला काही बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. सिस्टरने पोर हातातून घेतली. मावशीने गरम पांघरूण आणलं. डॉक्टरीणबाईने नळी लावली, सुई लावली, छातीला कान लावून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं.

"काय काय दिलंत?" तिने वर न बघता विचारलं.

तोलाऱ्याने सांगितलं. सवयीने मापासकट सांगितलं. रोज दूध सव्वा लिटर. अंडी तीन. तेल अर्धी वाटी. साखर पावशेर. तिचा लिहिणारा हात थांबला. ती म्हणाली, "आजोबा, बाहेर बसा."

बाहेर लाकडी बाकावर मावशी त्याच्या शेजारी येऊन टेकली. तो म्हणाला, "काल सहा नऊशे भरली होती."

"पाणी हो ते, आजोबा. परत साठलं. आता छातीतही गेलंय, म्हणाली सिस्टर."

तोलारी हळूच म्हणाला, "पोत्यावर पाणी मारून आणतात लोक. वजन भरावं म्हणून. मी आत हात घालून ओळखतो. आजवर एक पोतं सुटलं नाही माझ्या हातून." मावशीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "तुम्ही सगळे मला तेच सांगत होतात ना? पहिल्या दिवसापासून?"



दुपारी लेक आली. तान्ह्याला पोटाशी बांधलेलं, केस सुटलेले. आत जाऊन ती खाटेपाशी उभी राहिली. सिस्टरने तिला जागा करून दिली आणि सहज, समजूत घालावी तशी म्हणाली, "दोन दिवस आणखी ठेवलं असतं तर... पण आजोबांचा जीव राहिना. आम्ही खूप सांगितलं."

लेक वळली. तोलारी दारात उभा होता.

"आबा, सोडलं म्हणाला होतात ना?"

"नाही," तो म्हणाला. "त्यांनी सोडलं नव्हतं. मी आणली."

बाळ चुळबुळलं, त्याला थोपटत ती पुन्हा खाटेकडे वळली आणि गुबीचं पाऊल तिने ओंजळीत धरलं. भांडीवाली आपल्या पोराला घेऊन खोलीबाहेर गेली. तोलारी दाराच्या चौकटीला धरून तिथेच उभा राहिला. आत जायचं धाडस त्याचं झालं नाही, आणि आत या असं त्याला कोणी म्हटलं नाही.

गुबी त्याच दिवशी, गुरुवारी, दुपारी पावणेतीन वाजता वारली. तिला सोळा महिने पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते. तिचा भाऊ त्या दिवशी दोन महिने नऊ दिवसांचा होता.